पाठवणीपाशी बंद पडणारी फाईल

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला माझ्या दुकानात होतो आणि समोरच्या कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी हळदीचा व्हिडिओ गोठून पडला होता. नवरदेवाच्या आत्याचा हळदीनं माखलेला हात हवेतच थांबलेला. कॉम्प्युटर दुरुस्ती हा माझा धंदा. लग्नाच्या बिघडलेल्या फाईली माझ्याकडे बारमाही येतात. फोनवर माझी थोरली बहीण होती, अक्का. लातूरच्या दवाखान्यातून बोलत होती. "सिद्धू, गेले रे तुझे दाजी..." एवढंच म्हणाली आणि पुढं नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. मी आदल्याच दिवशी त्यांना भेटून आलो होतो. निघताना नेहमीसारखी चेष्टा केली होती, की दाजी, बरे झालात की दुकानावर या, तुमचं स्टूल अजून कुणाला दिलेलं नाही. त्यावर छताकडं बघत ते म्हणाले होते, "तुझ्या दुकानात आता माझं काय काम न्हाई ऱ्हायलं, इंजिनेर." मी इंजिनिअर नाही, साधा आयटीआय झालेला माणूस आहे, पण ते आयुष्यभर मला याच नावानं चिडवत आले आणि मला ते आवडायचं.

दाजींच्या गावी, शिरूर अनंतपाळला, पुण्यानुमोदनाचा म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, भन्तेजी चार शब्द बोलले, एसटी डेपोतले दाजींचे जुने सोबती एकामागून एक उठले. किशनराव मनमिळाऊ होते, किशनरावांनी कधी कुणाला दुखावलं नाही, किशनराव हसतमुख होते... मी मागं सतरंजीवर बसून ऐकत होतो आणि मला राग येत होता. खोटं कुणी बोलत नव्हतं, पण गेलेल्या कुठल्याही माणसाबद्दल जे बोलता येतं तेच सगळे बोलत होते. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहून दिलं. मला विचाराल तर ते हृदय त्याच्या कितीतरी आधीपासून एका व्हिडिओ फाईलच्या एका ठरावीक जागी बंद पडत आलं होतं. तेवढं कुणीच बोललं नाही. म्हणून इतक्या आठवड्यांनी मी लिहायला बसलो आहे.

दाजी एसटीत कंडक्टर होते. अक्काला बघायला आले तेव्हा आमच्या वडिलांनी विचारलं, "पाव्हणं, पोरगी पसंत हाय का?" त्यावर दाजींनी मान हलवली आणि म्हणाले, "हाव, हाव, पुढं चला." हा किस्सा खरा की अक्कानं नंतर तिखटमीठ लावून सजवलेला, देव जाणे, पण आमच्या घरात तो इतक्या वेळा सांगितला गेला की आता खराच आहे. ती मान हलवणं ही त्यांच्या नोकरीची देणगी होती. बाजाराच्या दिवशी गच्च भरलेल्या गाडीत माणसं शंभर गोष्टी विचारतात. सगळ्यांचं ऐकत बसलं तर गाडी जागची हलायची नाही. मान हलवायची, हाव म्हणायचं आणि तिकिटं फाडत पुढं सरकायचं. एकदा लातूरच्या स्टँडवर एका म्हातारीनं गाडी औशाला जाते का म्हणून विचारलं, यांनी मान हलवली, आणि बिचारी उदगीरला जाऊन पोचली. दाजींनी तिला घरी आणलं, अक्काच्या हातची येसराची आमटी आणि भाकरी खाऊ घातली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन औशाच्या गाडीत बसवून दिलं. पुढं वयानं कान मंदावले, तरी मान तशीच हलत राहिली. कानाच्या मशीनचं नाव काढलं की म्हणायचे, "लोकांचं समदं ऐकून कोणाचं भलं झालंय?"

या मानेचा पुरेपूर फायदा कुणी उठवला असेल तर त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, सुजातानं. आम्ही तिला सुजा म्हणायचो. पोरगी महाबिलंदर. दाजी ड्यूटीवरून दमून आले, पाय धुवायला वाकले, की ही मागून हळूच काहीतरी पुटपुटायची. मान हलायची. दोन दिवसांनी कंबरेवर हात ठेवून समोर उभी, "पप्पा, तुम्ही हाव म्हणला होता." सायकल अशीच आली, मैत्रिणींबरोबर अजिंठ्याची सहल अशीच झाली, बीएड करायला लातूरला राहण्याची परवानगीही अशीच मिळाली. अक्का डाफरायची, की न ऐकता कशाला कबूल होता? तर दाजींचं उत्तर ठरलेलं, "एकदा मान हलली म्हंजी तिकीट फाटलं. आता गाडी मधी थांबवता येत न्हाई." त्यांचं सगळं बापपण या एका वाक्यात होतं. न ऐकता दिलेला शब्दही ते पाळत. आम्ही हसायचो. हसण्यासारखंच होतं ते.

सुजाचं लग्न शिरूरलाच झालं. मुलगा देगलूरकडचा, शाळेत नोकरीला. माणसं चांगली, हे मी मुद्दाम लिहितो आहे, पुढचं वाचून कुणाच्या मनात भलतं येऊ नये. त्रिशरण, पंचशील झालं, पांढऱ्या साडीत सुजा इतकी शांत दिसत होती की ही तीच का, असं मला वाटून गेलं. पण आपल्याकडे शांततेनं लागलेलं लग्न शांततेनं संपत नाही. पाठवणीच्या वेळी वरातीचा डीजे कार्यालयाच्या दारातच लावलेला. छातीत धडधडावं असा आवाज. आम्ही एकमेकांशी हातवारे करून बोलत होतो. मी आहेराच्या पिशव्या गाडीत चढवत होतो तेव्हा लांबून दिसलं, की सुजा दाजींच्या गळ्यात पडली आहे, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगते आहे. दाजींचे डोळे भरलेले. त्यांनी मान हलवली. दोनदा हलवली. ती गाडीत बसली, गाडी धुरळा उडवत गेली, आणि डीजेवाल्यानं पुढचं गाणं लावलं.

ती पहिल्यांदा माहेरी आली, राहिली, गेली. फोनवर रोज बोलायची. त्या दिवशी कानात काय म्हणालीस, हे दाजींनी तिला विचारलं नाही. कशाला विचारतील? लागेल तेव्हा ती स्वतःच कंबरेवर हात ठेवून उभी राहणार होती. पण तिनं ते कधी काढलं नाही. वर्ष पुरं व्हायच्या आत तिला ताप आला. साधाच वाटला, मग उतरेना, म्हणून सासरच्यांनी नांदेडला आणलं. मी दवाखान्यात होतो, मामा म्हणून. दाजी आणि अक्का पोचले तोवर ती कुणाला ओळखत नव्हती. दाजी तिच्या तोंडाशी कान लावून बसून राहिले. मला वाटलं ते तिचा श्वास ऐकत आहेत. ...ती गेली.

आता फाईलबद्दल. लातूरच्या एका स्टुडिओनं लग्नाचं शूटिंग केलं होतं आणि मखमली डबीत घालून पेन ड्राइव्ह दिला होता. अख्खं लग्न एकाच लांबलचक फाईलमध्ये. सुजा माहेरी आलेली असताना आम्ही सगळ्यांनी मिळून तो टीव्हीला लावून पाहिला होता. पंगती दिसल्या, कोण किती जिलब्या खातंय यावर हसून झालं, आणि पाठवणी सुरू झाली तशी टीव्हीनं मान टाकली. चित्र थिजलं, मग पडदा काळा. पुन्हा लावलं, पुन्हा तिथंच. कुणाचं काही अडलं नाही. पाठवणी बघून रडायची हौस कुणाला होती? चहा झाला, टीव्ही बंद केला.

सुजा गेल्यावर दाजी तो पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आले. शर्टाच्या आतल्या खिशात, रुमालात गुंडाळून. अहमदपूरला गाडी बदलून, उन्हातान्हाचे. "इंजिनेर, ही गाडी एकाच घाटात फेल व्हती. बघ बरं." मला वाटलं बापाला लेकीचं तोंड बघायचं असेल. मी कामाला लागलो. अशा फाईलीला आधी जे करतात ते सगळं केलं. दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडली. तोही त्याच जागी बंद पडून खिडकीसकट गायब झाला. तिसरा घेतला, त्यानं तर कॉम्प्युटरच अडकवून ठेवला. दोष प्लेअरचा की फाईलचा हे बघायला त्याच प्लेअरमध्ये दुसऱ्या लग्नाची फाईल लावली. ती लोण्यासारखी चालली. मग पेन ड्राइव्हवरची फाईल कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली. उतरवणं अर्ध्याच्या पुढं जाऊन तिथंच थांबायचं. तेव्हा कळलं, पेन ड्राइव्हचाच एक तुकडा मेला आहे आणि नेमकी पाठवणी त्या तुकड्यावर बसली आहे. स्टुडिओला फोन केला. जुनी कामं ते ठेवत नव्हते. म्हणजे जगात हीच एक प्रत.

त्यानंतर काही वर्षं दाजी येत राहिले. शेजारच्या स्टुलावर बसायचे, हात मांडीवर, नजर पडद्यावर. मी काय करतोय ते एसटीच्या भाषेत समजून घ्यायचे. एका प्रकारची फाईल दुसऱ्या प्रकारात बदलून बघतो म्हणालो तर म्हणाले, "हां, म्हंजी बंद पडलेल्या गाडीतले पॅसेंजर दुसऱ्या गाडीत बसवून द्यायचे." अगदी तेच. पण पॅसेंजर उतरायलाच तयार नव्हते. बदलणारा प्रोग्राम त्या जागी पोचला की मुकाट बसून राहायचा. प्रत्येक वेळी फाईल पाठवणीच्या जवळ यायला लागली की दाजी पुढं सरकून बसायचे, मान थोडी तिरकी करून, बरा कान पडद्याकडं करून. मी ते बघत होतो, पण मला अर्थ लागला नव्हता. एकदा मी वैतागून म्हणालो, "दाजी, अहो तिथवरचं चांगलं चालतंय. त्यातलं तिचं तोंड मी वेगळं काढून देतो. कितीतरी ठिकाणी आहे ती, हसतीये, जेवतीये..."

"तिचं तोंड बघायला घरात फोटो हायत की," दाजी म्हणाले. "मला बघायचं न्हाई, सिद्धू. ऐकायचंय." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला इंजिनेर न म्हणता नावानं हाक मारली होती. "ती कानात काहीतरी म्हणली. मी हाव म्हणलो. काय म्हणली, मला ऐकूच आलं न्हाई रे. कॅमेरावाला अगदी अंगाला खेटून उभा व्हता. त्याच्या मशीनीत आलं असंल का न्हाई?"

मग ते बोलत सुटले. एरवी तिनं काही कबूल करून घेतलं की ती आठवण करून द्यायची. या वेळी नाही दिली. म्हणजे ते सायकलीसारखं काही नव्हतं. मग काय असेल? मला चार दिवसांत न्यायला या, असं म्हणाली असेल का? मला इतक्यात जायचं नव्हतं, असं म्हणाली असेल का? की मला भीती वाटते म्हणाली... आणि बाप म्हणाला, हाव, हाव? "कशाला हाव म्हणलो मी, एवढं कळू दे," दाजी म्हणाले. "वाईट असलं तरी चालंल. शब्द दिलाय मी पोरीला. काय दिलाय त्येच म्हाईत न्हाई." दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, त्याला मी हातानंच जा म्हणून सांगितलं. ज्या माणसानं न ऐकता दिलेला प्रत्येक शब्द पाळला, त्याच्याकडे एक शब्द असा राहून गेला होता की जो पाळायचा कसा हेच त्याला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून मी त्या फाईलमागं हात धुऊन लागलो. पेन ड्राइव्हच्या मेलेल्या तुकड्यातून थोडं थोडं करून जेवढं वाचता येईल तेवढं उपसून काढलं. पण अशा उपसलेल्या फाईलीचं तोंड शाबूत नसतं. प्लेअरला कळतच नाही की ही फाईल कुठल्या मापाची, कशी वाचायची. त्याला उपाय एकच, त्याच स्टुडिओनं त्याच कॅमेऱ्यावर केलेल्या दुसऱ्या लग्नाची धड फाईल घ्यायची आणि तिच्यावरून हिचं तोंड बसवायचं. दाजी शिरूरभर फिरले. कुणाकुणाच्या दारात जाऊन, "तुमच्या लग्नाचा व्हिडिओ जरा देता का?" लोक चक्रावले. एका सुनेनं तर सासूला आत जाऊन सांगितलं, की म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. शेवटी रेणापूरच्या एका घरातून त्याच स्टुडिओचा, त्याच हंगामातला पेन ड्राइव्ह मिळाला. ते कुटुंब अनोळखी. पण दाजींनी कारण सांगितलं तेव्हा त्या घरातल्या बाईनं दुसरं काही न बोलता कपाट उघडलं, असं दाजी मला सांगत होते आणि सांगताना हसत होते. किती दिवसांनी हसत होते.

दुपारची वेळ होती. फाईल लावली. पंगती गेल्या, आहेर गेला, पाठवणी आली. पडद्यावर हिरवे चौकोन उडाले, चित्र फाटलं, मी श्वास धरून बसलो... आणि फाईल बंद पडली नाही. पुढं गेली. कार्यालयाचं दार, गर्दी, गाडी, सुजा. आणि त्याबरोबर मोठ्यानं सुरू झालं एक सिनेमातलं गाणं. लेक चालली सासरला, त्या जातीचं. डीजे नाही, गर्दी नाही, रडणं नाही, कुणाचा एक शब्द नाही. नुसतं गाणं. सुजा दाजींच्या कानाशी गेली तेव्हा बासरी वाजत होती. कॅमेरा तिच्या मागं होता. तिचे केस आणि पदर तेवढा दिसत होता. तोंड दाजींचं दिसत होतं, स्वच्छ. मान हलताना.

"गाण्याचा आवाज कमी कर," दाजी म्हणाले. "मागचं येईल." मी त्यांना समजावलं, की मागं काही नाही. मिक्सिंग करताना मूळ आवाज काढून टाकतात आणि वरून गाणं घालतात. सगळ्याच लग्नांत करतात. पण या फाईलीत पंगतीपर्यंत मूळ आवाज ठेवलेला होता, म्हणून मला हे आधी सुचलंच नव्हतं. ते माझ्याकडं बघत राहिले. "काढून टाकला म्हंजी टाकला कुठं?" या प्रश्नाला माझ्या धंद्यात उत्तर नाही. मी तसं सांगितलं. ते उठले, म्हणाले, लातूरला जाऊ.

गेलो. स्टुडिओवाला भला माणूस होता. त्यानं आम्हाला बसवलं, पाणी दिलं. मूळ शूटिंग त्यानं तेव्हाच पुसलं होतं. त्याच कार्डावर पुढच्या आठवड्यातलं लग्न भरलं होतं. सगळेच असं करतात. दाजींनी विचारलं, आमच्या आवाजावर गाणं कुणाला विचारून घातलं? तो बिचारा गोंधळला. "काका, तुम्हीच म्हणला होता की. नवरी गेल्यावर तुम्ही माझ्याजवळ आला, म्हणला, ही रडारड काढून टाक, लेकराला पुढं बघताना वाईट वाटंल, चांगलं गाणं टाक. समदेच म्हणत्यात, काका..." दाजींना आठवलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. रस्त्यावर आल्यावर एका बंद शटरच्या पायरीवर ते खाली बसले. मी म्हणालो, दाजी, चहा घेऊ. त्यांनी ऐकलं नाही. "मीच ऐकलं न्हाई आन् मीच पुसायला लावलं," ते म्हणाले. एवढंच म्हणाले. मीही त्यांच्याशेजारी बसलो. दुसरं काय करणार होतो?

मला तेव्हा वाटलं, निदान आता हे संपलं. संपत काही नसतं. दाजींनी कानाचं मशीन आणलं, इतकी वर्षं ज्याला नाक मुरडलं तेच. आणि त्यांची मान हलायची थांबली. आता त्यांना कुणी काही म्हटलं की ते थांबायचे, वळायचे, आणि विचारायचे, "काय म्हणलात?" मशीनमधून ऐकू येत असलं तरी. समोरच्यानं पुन्हा सांगितल्याशिवाय ते हाव म्हणत नसत. भाजीवाला, पोस्टमन, शेजारची लेकरं, सगळ्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागायची. लोक कंटाळले. पारावरची माणसं ते आले की विषय आवरता घ्यायला लागली. अक्कानं मात्र कधी तक्रार केली नाही. तिला सवय झाली. ती आपणहूनच प्रत्येक वाक्य दोनदा बोलायला लागली. "जेवायला वाढलंय. जेवायला वाढलंय." मी गेलो की मलाही तसंच. घरात कुणी सुजाचं नाव घेत नव्हतं. मी नीट करून दिलेला तेवढा तुकडा दाजी मोबाईलवर आवाज बंद करून बघायचे, स्वतःची मान हलताना बघायचे, आणि अक्का शेजारी बसून ज्वारी निवडायची. दोन माणसं, एक खोली, आणि दोघांच्या मध्ये ते पाच-दहा श्वासांचं चित्र. त्या घरातून निघालो की गाडी अहमदपूरला येईपर्यंत मला कुणाशी बोलावंसं वाटत नसे.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा शिरूरला गेलो. अक्का एकटीच होती. "चहा ठेवते. चहा ठेवते," म्हणाली आणि ठेवलाच नाही, समोर बसून राहिली. मग म्हणाली, "सिद्धू, तुला एक सांगायचंय. गाडीत बसायच्या वेळी सुजा आधी माझ्याकडं आली व्हती. माझ्या बी कानात काहीतरी म्हणली. मला बी ऐकू आलं न्हाई. मी बी हाव म्हणले."

मी म्हणालो, "दाजींना हे कधी..."

"कसं सांगू? ते रोज स्वतःला खात व्हते. मी शेजारी बसून बघत राहिले. आज सांगू, उद्या सांगू... त्यांनी म्हणलं असतं, तुला बी ऐकू आलं न्हाई? तुझे तर कान धड हायत." तिनं पदर सारखा केला. "दवाखान्यात तू येऊन गेला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं. म्हणले, सुजाची माय, तू जवळच व्हतीस. काय म्हणली गं पोरगी? तवाच सांगायचं व्हतं मला. तोंडावर आलं व्हतं. पण त्यांच्याकडं बघितलं आन् मी म्हणले, पोरगी 'पप्पा, तब्येतीला जपा' म्हणली. ...त्यांनी ऐकलं. मशीन व्हतं की कानात. तरी म्हणले, काय म्हणलीस?"

"मग?"

"एकदा खोटं बोलता येतं रे. दुसऱ्यांदा बोलायला तोंड उघडलं, आन् माझ्याच्यानं न्हाई बोलवलं. ते माझ्याकडं बघत राहिले. मंग कानातलं मशीन काढलं आन् माझ्या हातात दिलं. बास म्हणले. पुन्हा कानात घातलं न्हाई. संध्याकाळ व्हायच्या आत गेले."

आम्ही बसलो होतो तिथं भिंतीतल्या कपाटातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. मला आधी वाटलं बाहेरचं काहीतरी असेल. कानाचं मशीन चालू ठेवून बंद डबीत टाकलं की ते असं वाजतं. पण त्याचा सेल आठवडा-दीड आठवड्याच्या वर पुरत नाही आणि दाजींना जाऊन त्याहून कितीतरी जास्त दिवस झाले होते. मी अक्काकडं पाहिलं. ती उठली, कपाटातून डबी काढली, मशीन तळहातावर घेतलं. "सेल मीच बदलते," म्हणाली. मी विचारलं, "अक्का, आता कशाला?" ती म्हणाली, "मला सांगायचं ऱ्हायलंय ना त्यांना." आणि तिनं मशीन तोंडाजवळ नेलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मी उठलो.

अंगणात येऊन उभा राहिलो. आतून तिचा आवाज आला. कसलंतरी एकच वाक्य, दोनदा.